दौलतजादा आणि तिकीट

१६ नोव्हेंबर २०१९ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर केटी पेरी आणि दुआ लिपा एकाच रात्री गायल्या. दोघी जागतिक पॉप संगीतातली मोठी नावं. दोघींच्या गाण्यांत, पोशाखात, मंचावरच्या वावरात शृंगार उघड असतो आणि तो उघडच असावा अशी त्यांची मांडणी असते. एका मोबाइल कंपनीने या जलशाला आपलं नाव दिलं होतं. तिकिटं फोनवरून विकली गेली, पोरंपोरी घसा बसेपर्यंत ओरडली आणि हार्बरच्या गाड्या पकडून घरी गेली. त्यावरून विधिमंडळात लक्षवेधी लागली नाही की कुणी काचा फोडल्या नाहीत. त्याच नेरुळ स्टेशनातून पनवेलची गाडी पकडली तर सीवूड्स, बेलापूर, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर आणि सहावं स्टेशन पनवेल. अर्धा तासही लागत नाही. या पनवेलचे तेव्हाचे शेतकरी कामगार पक्षाचे आमदार विवेक पाटील यांनी २००५ साली विधानसभेत डान्सबारचा प्रश्न लक्षवेधी सूचनेने मांडला आणि तिथून राज्यभरातल्या बंदीला तोंड फुटलं. वीस वर्षांनी, २ ऑगस्ट २०२५ ला, पनवेलमध्येच शेकापच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात राज ठाकरे यांनी शिवरायांची राजधानी असलेल्या रायगड जिल्ह्यात इतके डान्सबार कसे, असा सवाल केला. त्याच रात्री मनसेच्या कार्यकर्त्यांनी पनवेलजवळचा एक बार फोडला.

पुरुषांसमोर, पैसे घेऊन, शृंगारिक नाचगाणं करणाऱ्या बाया दोन्हीकडे आहेत. मग एका ठिकाणी जलसा आणि दुसऱ्या ठिकाणी तोडफोड, असं का? पटकन सुचणारं उत्तर म्हणजे श्रीमंतांना एक न्याय, गरिबांना दुसरा. ते खोटं नाही, पण त्याने सगळं उलगडत नाही. गरिबाघरच्या लावणीवालीला याच समाजाने पद्मश्रीही दिली आहे आणि कोट्यधीश गायिकेला भरचौकात झोडपलंही आहे. माझ्या मते गोम आणखी एका जागी आहे. नाचणारी बाई आणि बघणारा पुरुष यांच्या मध्ये कुणी इभ्रतदार मध्यस्थ उभा आहे की नाही, हे आपण आधी पाहतो. कपडे आणि हावभाव नंतर. कंपनी, निर्माता, नाट्यगृह, सरकारी महोत्सव, यांच्यापैकी कुणाच्या तरी हातून पैसा आला की ती कलाकार. तोच पैसा बघणाऱ्याच्या हातून थेट तिच्या हातात पडला की ती नाचणारी. अश्लीलतेवरचा आपला वाद वरवर शरीराबद्दल असतो. आत मात्र तो या हातातून त्या हातात जाणाऱ्या नोटेबद्दल असतो.

कपड्यांचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण चर्चा नेहमी तिथेच अडकते. लावणीचा पोशाख म्हणजे नऊवार साडी, अंगभर, पायघोळ. उघडं असतं ते तोंड, हात आणि पावलं. त्यातही बैठकीची लावणी घ्या. बाई मांडी घालून किंवा एक गुडघा उभा करून बसते, समोर पेटी, तबला, आणि एकच ओळ ती पुन्हापुन्हा गाते. दर खेपेला भुवई वेगळी, बोटाचा इशारा वेगळा, पदर सावरण्याची तऱ्हा वेगळी. सगळी अदाकारी कंबरेच्या वर, बहुतेक तर मानेच्या वर. अंगाचा एक इंचही न दाखवता इतका थेट शृंगार करणारा दुसरा प्रकार आपल्याकडे नसेल. वाईच्या यमुनाबाई वाईकर यात अव्वल. कोल्हाटी समाजात जन्मलेल्या या बाईंना २०१२ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्या वारल्या तेव्हा शंभरी ओलांडून गेल्या होत्या. ज्या कलेसाठी त्यांना दिल्लीत बोलावून मान दिला, तीच कला त्यांच्या तरुणपणी घरंदाज माणसाने लपूनछपून बघायची गोष्ट होती. कला बदलली नव्हती. दुसरं उदाहरण सुलोचना चव्हाणांचं. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं. डोक्यावरून पदर घेऊन, एका जागी उभं राहून त्यांनी मराठीतल्या अत्यंत चावट लावण्या गायल्या आणि त्या घराघरांतल्या रेडिओवर वाजल्या. आवाज त्यांचा, पडद्यावरचं अंग दुसरीचं. मध्ये चित्रपट नावाचा भक्कम मध्यस्थ. १० डिसेंबर २०२२ ला त्या गेल्या तेव्हा महाराष्ट्राने मनापासून हळहळ व्यक्त केली. नेमक्या त्याच हिवाळ्यात हा महाराष्ट्र गौतमी पाटील नावाच्या एका मुलीच्या नाचावरून कडाकडा भांडत होता. तिच्याकडे येतोच.

त्याआधी दौलतजादा. हा शब्द आता बऱ्याच वाचकांना समजावून सांगावा लागेल. तमाशाचे ठळक दोन प्रकार. ढोलकीफडाचा तमाशा गावोगाव जत्रेला तंबू ठोकतो, तिकीट लावतो, त्यात गण, गौळण, बतावणी, वग असतो. संगीत बारी मात्र एका जागी, थिएटरात असते. मोडनिंब, चौफुला, जामखेड, सणसवाडी ही तिची ठिकाणं. तिथे अनेक पार्ट्या उतरलेल्या असतात आणि आळीपाळीने मंचावर येतात. प्रेक्षकांतला एखादा नोट वर धरतो, लावणीची फर्माईश करतो. बाई पुढे येऊन ती नोट घेते, कधी नाव पुकारलं जातं, आणि त्याच्यासाठी लावणी होते. ही दौलतजादा. त्या नोटेत पुढे वाटे पडतात: थिएटरमालकाचा, वाजवणाऱ्यांचा, पार्टीच्या मालकिणीचा. भूषण कोरगावकरांनी ‘संगीत बारी’ या पुस्तकात हे जग मायेने आणि डोळे उघडे ठेवून टिपलं आहे. आता गंमत अशी, की लावणीचा जो इतिहास आपण अभिमानाने सांगतो, पेशवाईतले राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, त्या इतिहासातही बिदागी आणि इनाम होतंच. पण ते शाहिराच्या नावे होतं. नाचणाऱ्या बाईचं नाव आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. बाई नावानिशी पुढे आली ती फार उशिरा. रेठरे हरणाक्ष गावचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, आणि पवळा हिवरगावकर ही जोडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाजली. एक ब्राह्मण कवी, एक महार नर्तकी. बापूराव वाङ्मयाच्या इतिहासात गेले आणि पवळा दंतकथेत. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर काही काळ बंदी घातली, मग संहिता तपासून परवानगी द्यायची पद्धत आणली. म्हणजे मध्यस्थ म्हणून सरकार स्वतः उभं राहिलं, आणि तेव्हापासून तमाशा ही लोककला झाली.

हा मध्यस्थाचा नियम कायद्याच्या भाषेत उघडा पडला तो २००५ साली. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती झाली, विधिमंडळाने ती एकमताने मंजूर केली आणि १५ ऑगस्टपासून डान्सबार बंद झाले. (तारीख कुणी मुद्दाम निवडली होती की नाही, कोण जाणे.) या दुरुस्तीत दोन कलमं होती. ३३ अ ने खानावळी, परमिट रूम आणि बिअर बारमधल्या नाचाला बंदी केली. ३३ ब ने तीन तारे आणि त्यावरची हॉटेलं, नाट्यगृहं, जिमखाने, क्लब यांना सूट दिली. नाच कुठला, हावभाव कोणते, पोशाख काय, याचा विचार दोन्हीत नव्हता. नाच तोच, पण छपराला तारे असले तर चालेल. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली हे रद्द केलं. सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ ला त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि नेमकं याच फरकावर बोट ठेवलं: उच्चभ्रूंनी पाहिलेला नाच नीतीला धरून आणि सामान्यांनी पाहिला की नीती बिघडवणारा, हे समतेच्या तत्त्वात बसत नाही. राज्याने मग २०१४ साली सूटच काढून टाकली, त्याला स्थगिती मिळाली, म्हणून २०१६ साली नवा कायदा आणला. शाळा-देवळांपासून एक किलोमीटर अंतर, सीसीटीव्ही, नाचाच्या जागी दारू नाही, अशा अटी घातल्या. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात न्यायमूर्ती सिक्री आणि न्यायमूर्ती भूषण यांनी यातल्या बऱ्याच अटी उडवल्या. अश्लील नृत्याची व्याख्या मात्र त्यांनी राहू दिली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. आणि त्याच निकालात एक बारीकशी गोष्ट आहे, जिच्यात मला सगळ्या वादाचा अर्क दिसतो. नर्तकीला बक्षिशी द्यायला हरकत नाही, पण नोटा उधळायच्या नाहीत. हातात दिली तर चालते, हवेत फेकली तर नाही. फेकण्यातला अपमान न्यायालयाला दिसला, हे चांगलंच झालं. पण चौदा वर्षं चाललेला हा खटला अखेर नाचापाशी थांबला नाही, नोट बाईपर्यंत कशी पोचावी इथे येऊन थांबला, हेही बोलकं आहे.

आता गौतमी पाटील. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याची मुलगी, पुण्यात आली, मागच्या रांगेत नाचली, २०२२ साली तिची एक चित्रफीत फोनाफोनांवर फिरली आणि ती रातोरात राज्यभर पोचली. मंचावरच्या एका हावभावाबद्दल टीका झाली तेव्हा तिने माफी मागितली. सुरेखा पुणेकर, मेघा घाडगे यांच्यासारख्या लावणी कलावंतांनी तिच्यावर जाहीर टीका केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनीही लावणीच्या नावाखाली अश्लील नाच नको, अशी भूमिका घेतली. लावणीवाल्यांचा राग समजण्यासारखा आहे. घुंगरांचं ओझं पायात बांधून वर्षानुवर्षं मेहनत करायची, आणि लोकांनी डीजेच्या ठेक्यावरच्या नाचाला लावणी म्हणावं, हे कुठल्याही कारागिराला झोंबेल. गौतमीने स्वतःच आपण लावणी करत नाही, डीजेवर नाचतो, असं सांगितलं आहे. म्हणजे निदान नावाचा घोळ तिने घातलेला नाही, तो आयोजकांच्या फलकांनी आणि बातम्यांच्या मथळ्यांनी घातला. पण नाच कसाही असो, तो सुमार असणं वेगळं आणि अश्लील असणं वेगळं. सुमार नाचाला टाळ्या देऊ नयेत, पोलीस बोलावू नयेत. चर्चेत मात्र सारखा येत राहिला तो तिचा मानधनाचा आकडा. कीर्तनकार इंदुरीकर महाराज एकदा म्हणाले त्याचा मथितार्थ असा: तिला तीन गाण्यांचे तीन लाख चालतात आणि आम्ही पाच हजार मागितले की पैशांचा बाजार मांडला म्हणतात. टोला त्यांनी समाजाला हाणला होता. तरीही तुलना कशाची झाली पाहा. एखाद्या चित्रपटातल्या नायिकेने एका गाण्याचे किती घेतले, हे कुठल्या कीर्तनात निघत नाही. तो पैसा निर्मात्याच्या वहीतून येतो. गौतमीचा गावच्या वर्गणीतून, पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या खर्चातून, म्हणजे सगळ्यांना दिसतो असा येतो.

हा काही खास मराठी आजार नाही. १ फेब्रुवारी २००४ ला अमेरिकेत सुपर बोल नावाच्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात जॅनेट जॅक्सन आणि जस्टिन टिंबरलेक गात होते. गाण्याच्या शेवटी टिंबरलेकने तिच्या पोशाखाचा भाग ओढला आणि क्षणभर तिचा स्तन उघडा पडला. सरकारी आयोगाकडे पाच लाखांहून जास्त तक्रारी गेल्या, वाहिनीला साडेपाच लाख डॉलरचा दंड झाला, पुढे तो न्यायालयात टिकला नाही. हात त्याचा होता, पण घसरली ती तिची कारकीर्द. तो २०१८ साली त्याच मध्यंतरात पुन्हा गायला आणि जाहीर माफी मागायला त्याला २०२१ उजाडावं लागलं. ब्रिटनी स्पिअर्सची गोष्ट तर आपल्या मुद्द्याला आणखी जवळची. २००८ ते २०२१ ती न्यायालयाने नेमलेल्या पालकत्वाखाली होती, आणि त्यातला बहुतेक काळ तिच्या पैशांची सूत्रं वडिलांच्या हाती होती. याच काळात लास व्हेगासमध्ये चार वर्षं तिचे शृंगारिक प्रयोग रात्रीमागून रात्री चालले. मालक कोण, हिशेब कुणाकडे, हा प्रश्न तिच्या चाहत्यांनी लावून धरला तेव्हा कुठे जगाला पडला. २०१३ साली मायली सायरसच्या नाचावरून असाच गदारोळ उठला होता, तेव्हा आयरिश गायिका शिनेड ओकॉनर हिने तिला उघड पत्र लिहिलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की हा धंदा तुझ्या अंगाचा पैसा करतो आहे आणि त्याला तू स्वातंत्र्य समजते आहेस. पॉप गायिकांच्या बेधडकपणाला सरसकट मुक्ती म्हणणाऱ्यांना या पत्राची दखल घ्यावीच लागते. शृंगाराचा किती भाग गायिकेचा आणि किती विक्रीखात्याचा, हे बाहेरून कळत नाही, आणि बऱ्याचदा तिलाही कळत नसावं. पण ओकॉनरचं बोट कुणाकडे होतं? मध्यस्थाकडे. आपण ज्याच्या असण्याने नाचाला प्रतिष्ठा देतो, तोच तिच्या लेखी शोषण करणारा. दोन्ही एकदम खरं असेल, तर प्रतिष्ठेचा हा मापदंडच गडबडलेला आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप सनातन्यांचा नाही, तो आंबेडकरी विचारातून येतो. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्या सभेत बाबासाहेबांनी त्यांना हे जिणं सोडून द्यायला सांगितलं, आणि ते मिळमिळीत शब्दांत सांगितलं नाही. दलित बाईचं अंग गावाने हक्काची करमणूक मानलं, तिला त्या नाचात जन्माने ढकललं, तेव्हा त्यातून बाहेर पडणं हीच माणुसकी मिळवण्याची वाट, असा तो विचार आहे. येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या, आता अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात शिकवणाऱ्या आणि २०२४ ची मॅकआर्थर फेलोशिप मिळालेल्या इतिहासकार शैलजा पाईक यांनी ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ या ग्रंथात तमाशाचा इतिहास याच अंगाने लिहिला आहे. अश्लील हा शिक्का जातीने तयार केला आणि दलित बायांच्या कपाळी मारला, हे त्या दाखवतात. त्यांच्याआधी शर्मिला रेगे यांनी लावणीतल्या स्त्रीदेहाच्या चित्रणामागची जात उलगडली होती. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ वाचलेला माणूस नाचणाऱ्या बाईच्या स्वातंत्र्यावर सहजासहजी कविता करणार नाही. तिथे आईच्या पायातल्या घुंगरांवर बाप, भाऊ, अख्खं घर पोसलं जातं आणि तिचं आयुष्य कुणाच्या नावे लावायचं हेही तेच ठरवतात. म्हणजे दौलतजादा थेट बाईच्या हातात पडते हे वर म्हटलं, ते अर्धंच खरं. हात तिचा, मूठ दुसऱ्याची. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि २००५ साली स्त्रीसंघटनांत फूट पडली ती याच प्रश्नावर. तरी बंदीचं समर्थन त्यातून निघत नाही. बाबासाहेब त्या बायांशी बोलले, त्यांच्या अंगावर पोलीस घातले नाहीत. सोडा म्हणताना आपल्या चळवळीत बरोबरीची जागा देऊ केली. राज्याने केलं ते उलटं. ७५ हजारांवर बायांचा रोजगार गेला, असा आकडा न्यायालयासमोर होता. एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने स्त्रीसंघटनांबरोबर ५०० नर्तकींची पाहणी केली, त्यात कितीतरी जणी पिढीजात नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींतल्या आणि घर चालवणाऱ्या निघाल्या. बंदीनंतर काही जणींना देहविक्रयाकडे वळावं लागलं, हे सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवलं आहे. बायांच्या प्रतिष्ठेसाठी केलेल्या कायद्याचं हे फळ.

दुसरा आक्षेप आईबापांचा: मुलं हे बघतात आणि तसंच करतात. काळजी खोटी नाही. पूर्वी थिएटरला भिंत होती, बारला दार होतं, आणि आत कोण जातो हे पाहायला कुणीतरी असायचं. आता तीस सेकंदांचा तुकडा कुणाच्याही हातात येतो आणि त्यात नाच नसतो, फक्त एक झटका असतो. पण मुलांचं अनुकरण कुठून येतं, हेही नीट पाहावं. ‘नटरंग’ २०१० च्या जानेवारीत आला. त्यातल्या सोनाली कुलकर्णी आणि अमृता खानविलकर यांच्या लावण्यांवर तेव्हापासून किती शाळांच्या स्नेहसंमेलनांत सहा-सात वर्षांच्या मुली नाचल्या असतील, त्याची मोजदादच नाही. नऊवार शिवून आणणारी आई, अंबाडा घालणारी मावशी आणि फोन वर धरून बसलेला बाप, यांतल्या कुणालाच त्यात वावगं वाटत नाही, कारण मध्ये चित्रपट आहे, शाळा आहे, बाई आहेत. गावच्या चौकात पुढाऱ्याच्या वाढदिवसाला हाच नाच ठेवला जातो तेव्हा पुढच्या सतरंजीवर पोरंच बसवलेली असतात. ती तिथे का, हा प्रश्न नाचणारीला विचारायचा की फलकावर हात जोडून उभ्या असलेल्या आयोजकाला?

मग अश्लील असं काही नसतंच का? असतं, आणि कायद्याला ते ठाऊकही आहे. बोरिस बेकरच्या छायाचित्रावरून झालेल्या खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने जुनी इंग्रजी कसोटी सोडली आणि आजच्या समाजाच्या नजरेतून, संपूर्ण संदर्भात पाहायला सांगितलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका रिसॉर्टवरच्या नाचाचा गुन्हा रद्द केला तो याच वाटेने: आखूड स्कर्ट आणि उत्तान हावभाव एवढ्यावर अश्लीलतेचा गुन्हा होत नाही. हे दोन्ही निकाल सोयीचे वाटतात म्हणून मी त्यांचा फार आधार घेणार नाही. न्यायालयं उद्या वेगळंही बोलतील. मला खटकतं ते हे, की कायदा, मोर्चे आणि अग्रलेख यांची नजर मंचावर खिळलेली असते, आणि जिथे खरोखर कुणाच्या अंगाला धक्का लागतो ती जागा त्या नजरेत येतच नाही. गर्दीतून येणारे हात, मानधनातून परस्पर कापली जाणारी दलाली, प्रयोगानंतर रात्री दोन वाजता गाडीचा होणारा पाठलाग, कपडे बदलायला मिळणारा पत्र्याचा आडोसा. तमाशातल्या बायांना हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. विठाबाई नारायणगावकर प्रयोग चालू असताना मंचामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. त्यांच्या नावे राज्य सरकार दरवर्षी पुरस्कारही देतं. बाळंतिणीला पुन्हा उभं राहावं लागलं, हे त्या पडद्याआडच्या जागेबद्दल काय सांगतं, याची चौकशी कुठल्या समितीने केली नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये, अश्लील नाचावरची चर्चा ऐन भरात असताना, गौतमी पाटील कपडे बदलत असतानाची चित्रफीत कुणीतरी चोरून काढली आणि फोनांवर सोडली. पुण्यात गुन्हा नोंदवला गेला, राज्य महिला आयोगाने दखल घेतली. या प्रकरणात मंच नव्हता, प्रेक्षक नव्हता, हावभाव नव्हते. बाईने कुणाला काही दाखवलेलं नव्हतं. सबंध वादात अश्लील हा शब्द कुठे तंतोतंत बसत असेल तर तो इथे, आणि त्यातली क्रिया दुसऱ्याच कुणाची होती. काही दिवस ही बातमी चालली. मे महिन्यात चर्चा पुन्हा पेटली, तेव्हा विषय नवा होता: असा नाच करणारीने पाटील हे आडनाव लावावं की नाही. मराठा संघटनांतल्या काहींनी ते बदलायला सांगितलं, दुसऱ्यांनी तिची बाजू घेतली, वाहिन्यांवर रोज संध्याकाळी आडनावांचा इतिहास निघाला. कार्यक्रम चालूच होते. मंडप पडत होते, डीजेच्या भिंती उभ्या राहत होत्या, आणि मंचाच्या मागे बांबूला कापड गुंडाळून कपडे बदलायची खोली तयार होत होती.